६० क्रेडिट, हिशेबात ४१: एका ज्युनिअर कॉलेज फुटबॉल कोचचं प्रकरण

अमेरिकेतल्या एका यशस्वी कोचच्या कारकिर्दीतली ही चार वर्षं आहेत. कोण आणि कुठलं कॉलेज हे ओळखू येऊ नये म्हणून व्यक्ती, कॉलेज आणि गावाचे तपशील बदलले आहेत. नियमांचे आकडे त्या वर्षांना लागू असलेले आहेत.

पार्श्वभूमी

आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी आठवते. अमेरिकेतलं ज्युनिअर कॉलेज बारावीनंतर सुरू होतं. दोन वर्षं, साधारण ६० क्रेडिट (वर्ग पूर्ण केल्याबद्दल मिळणारी एककं, एका विषयाला बहुधा ३), हातात असोसिएट पदवी, आणि तिथून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश, असा हा रस्ता. फुटबॉल अर्थातच हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो. या कॉलेजांच्या खेळांचा कारभार बहुतेक राज्यांत एनजेसीएए ही संघटना पाहते, तर विद्यापीठांचा एनसीएए. या दोन संघटनांचे पात्रतेचे नियम सारखे नाहीत. हे प्रकरण त्याच फटीत घडलं.

ज्युनिअर कॉलेजच्या संघात ढोबळमानाने तीन प्रकारची मुलं असतात. पहिली 'क्वालिफायर': शाळेतल्या गुणांवर थेट विद्यापीठात जाऊ शकली असती, पण उंची, वजन किंवा वेग कमी पडला म्हणून कुणी विचारलं नाही. दुसरी 'नॉन-क्वालिफायर': खेळ डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटातल्या विद्यापीठांच्या, तोडीचा, पण शाळेतले ठरावीक मुख्य विषय किंवा त्यांतली सरासरी कमी पडलेली. तिसरी विद्यापीठातून परत आलेली. यांतल्या दुसऱ्या गटावर संघ जिंकतो आणि त्याच गटाचे कागद सर्वांत नाजूक असतात.

कोच स्वतः एका छोट्या कॉलेजात लाइनमन होता. २००४ ते २०११ या काळात दोन ज्युनिअर कॉलेजांत तो सहायक होता. आधी नुसत्या जेवण-राहण्यावर, मग तुटपुंज्या पगारावर. २०१२ मध्ये मध्य अमेरिकेच्या मैदानी भागातल्या एका छोट्या गावातल्या कॉलेजाने त्याला मुख्य कोच नेमलं. आदल्या वर्षी संघाने दोनच सामने जिंकले होते. तिसऱ्या हंगामात, २०१४ मध्ये, ९ विजय आणि २ पराभव झाले आणि कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, दुसरा क्रमांक आला. गावाने बेकरीच्या काचेवर संघाचा फोटो लावला. करार मात्र दरवर्षी नव्याने व्हायचा.

अडचण

डिसेंबर २०१४. संघातल्या डिफेन्सिव्ह टॅकलला (बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्या मुलाला) एका मोठ्या विद्यापीठाने जागा देऊ केली होती. तो 'मिड-इयर' होता, म्हणजे डिसेंबरमध्ये पदवी घेऊन जानेवारीत दाखल होणारा. विद्यापीठांना अशी मुलं हवीच असतात, कारण ती वसंतातल्या १५ सरावांना हजर राहतात. शिवाय डिव्हिजन वनचं पाच वर्षांचं घड्याळ, म्हणजे चार हंगाम खेळून संपवायची मुदत, तेव्हा पूर्णवेळ प्रवेश घेतल्या दिवशी सुरू व्हायचं. दीड वर्षात निघालेल्या मुलाकडे तीन वर्षांत दोन हंगाम खेळायची मुभा उरायची, म्हणजे एखादं वर्ष दुखापतीत गेलं तरी भागायचं.

सही व्हायच्या आठवड्यात विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाने ट्रान्सक्रिप्ट (विषय, क्रेडिट आणि गुणांची अधिकृत नोंद) मागवली. मुलाच्या नावावर ६० क्रेडिट होती: पहिल्या सत्रात १५, दुसऱ्यात १८, उन्हाळ्यात ९, तिसऱ्यात १८. नॉन-क्वालिफायरला डिव्हिजन वनमध्ये जायचं तर तीन पूर्णवेळ सत्रं, असोसिएट पदवी, हस्तांतरणीय, म्हणजे विद्यापीठ स्वीकारेल अशी, ४८ क्रेडिट आणि त्यांत ४ पैकी २.५ सरासरी लागते. त्या ४८ मध्ये इंग्रजी ६, गणित ३ आणि निसर्गविज्ञान ३ असलीच पाहिजेत. शारीरिक शिक्षणाच्या वर्गांची जास्तीत जास्त २ धरली जातात.

कार्यालयाने वजाबाकी सुरू केली. पायाभूत इंग्रजी आणि पायाभूत गणित मिळून ६ क्रेडिट पदवीतही धरत नाहीत आणि हस्तांतरणातही नाहीत: उरली ५४. वेट ट्रेनिंग, फिटनेस वगैरे ९ पैकी २ धरली: उरली ४७. एका विषयात 'डी' होता आणि ते विद्यापीठ 'डी' स्वीकारत नव्हतं: ४४. वेल्डिंगचा एक ३ क्रेडिटचा वर्ग व्यवसाय-शिक्षणातला, तोही गेला: ४१. सात कमी. पदवीही पूर्ण नाही, कारण पदवीच्या हिशेबात ५४ च होती. सरासरी २.३८.

या मुलाने कधी वर्ग बुडवला नव्हता. एनजेसीएएच्या नियमात तो दोन्ही हंगाम चोख बसत होता: सत्राला १२ क्रेडिटचा पूर्णवेळ प्रवेश आणि दुसऱ्या हंगामाआधी २४ क्रेडिट व २.० सरासरी. खेळण्यापुरता तो पात्र होता, पुढे जाण्यासाठी नव्हता. विद्यापीठाने दोन दिवसांत ती जागा दुसऱ्याला दिली.

कोचने नाताळच्या सुट्टीत रजिस्ट्रारच्या टेबलाशी बसून दुसऱ्या वर्षाच्या ३८ मुलांचे कागद तपासले. त्यांत २४ नॉन-क्वालिफायर होते. मे महिन्यापर्यंत डिव्हिजन वनच्या अटी पुऱ्या करू शकतील असे निघाले पाच.

चूक कुठून आली हे समजून घ्यायला हवं. कोचने सारं काम सहायक असताना शिकून घेतलं होतं, आणि तेव्हा विद्यापीठात जाण्यासाठी २.० सरासरी पुरायची. ऑगस्ट २०१२ पासून ती २.५ झाली, आणि विज्ञानाची व शारीरिक शिक्षणाची अटही त्याच सुमारास कडक झाली. त्याच महिन्यात तो पहिल्यांदा मुख्य कोच म्हणून मैदानावर उतरला. सहायक कोच मुलांना वर्ग निवडून द्यायचे ते जुन्याच सवयीने: हंगामात हलके वर्ग, १२ चा आकडा भरायला वेट ट्रेनिंग, आणि गणित 'पुढच्या सत्रात'. ज्या मुलाला पायाभूत गणिताच्या दोन पायऱ्या चढून मगच कॉलेज अल्जिब्राला बसता येतं, त्याच्यासाठी 'पुढच्या सत्रात' म्हणजे पदवी डिसेंबरच्या पलीकडे गेली.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, नॉन-क्वालिफायर घेणंच कमी करायचं. क्वालिफायर मुलाला हा सगळा जाच नसतो. पण ऑगस्ट २०१६ पासून एनसीएए शाळेतल्या १६ मुख्य विषयांत २.३ सरासरी मागणार होती. म्हणजे चांगले खेळाडू आणखी मोठ्या संख्येने ज्युनिअर कॉलेजांकडेच येणार होते. त्यांना दार लावणारा संघ त्या कॉन्फरन्समध्ये तळाला गेला असता.

दुसरा, विद्यापीठातून परत आलेल्यांवर भर द्यायचा. त्यांचं वय आणि अंग तयार असतं. पण त्यांनाही पुन्हा डिव्हिजन वनमध्ये जायचं तर इथली पदवी पूर्ण हवी आणि पहिलं विद्यापीठ सोडून एक कॅलेंडर वर्ष उलटलेलं हवं. शिवाय ते बहुधा एकच हंगाम मिळतात.

तिसरा पर्याय एका सहायकाने सुचवला: कमी पडणारी क्रेडिट सुट्टीतल्या दोन-तीन आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गांतून दुसऱ्या कॉलेजातून घ्यायची. कोचने तो तिथेच थांबवला, आणि ते बरोबरच होतं. ज्या मुलाला १६ आठवड्यांत निबंध जमत नाही त्याने तो १४ दिवसांत लिहिला, तर लिहिणारा कोण हा प्रश्न विद्यापीठ विचारतंच. अशा चौकशीत मुलाची पात्रता जाते, कोचची नोकरी जाते आणि त्या कॉलेजच्या पुढच्या पाच वर्षांच्या मुलांवर संशय राहतो.

चौथा, 'ग्रेशर्ट'. मुलाने पहिल्या सत्रात १२ पेक्षा कमी क्रेडिट घ्यायची, म्हणजे पाच वर्षांचं घड्याळ सुरू होत नाही आणि पायाभूत विषय उरकून घेता येतात. कागदावर हा सर्वांत शहाणा मार्ग. पण अर्धवेळ विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं पेल अनुदान प्रमाणात कमी मिळतं, खेळता येत नाही, आणि या कॉलेजात वसतिगृहही पूर्णवेळ मुलांनाच होतं. घरापासून हजार मैलांवर आलेला १८ वर्षांचा मुलगा राहणार कुठे? हा मार्ग जवळपासच्या चार-पाच मुलांपुरताच जमला.

पाचवा, पहिल्या ऑगस्टपासून प्रत्येक मुलाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या बाजूने उलटा मोजत आखायचा. त्यासाठी पूर्णवेळ सल्लागार हवा होता, आणि पैसे नव्हते. कोचने बचावफळीच्या एका सहायकाची जागा सोडून त्या पगारात सल्लागार मागितला. क्रीडा संचालकाने विचारलं, "आणि लाइनबॅकरना शिकवणार कोण?" कोच म्हणाला, "मी." सल्लागाराची जागा मिळाली.

काय केलं

पहिलं पाऊल आईला फोन. टॅकलच्या आईला कोचने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वतः सांगितलं की चूक मुलाची नाही, आमची आहे, आणि वजाबाकीचा कागद तिला पाठवला. हा फोन तीन आठवडे आधी व्हायला हवा होता. तोवर तिला नातेवाइकांकडून अर्धवट कळलं होतं.

मग तक्ता तयार झाला. प्रत्येक मुलासाठी एक पान, चार रकाने: घेतलेली क्रेडिट, आपल्या पदवीत धरली जाणारी, हस्तांतरणीय, आणि इंग्रजी-गणित-विज्ञानाच्या ६-३-३ मध्ये बसणारी. तिसरा रकाना विद्यापीठागणिक बदलतो, म्हणून मुलांना नेहमी विचारणाऱ्या विद्यापीठांच्या स्वीकारयाद्या सल्लागाराने आधी मिळवून ठेवल्या. हे काम किचकट आहे, पण एकदा केलं की वर्षभर पुरतं.

पहिल्या सत्राचा साचा असा ठरला: इंग्रजी रचना ३, गणित ३, मानसशास्त्र ३, भाषणकला ३, अभ्यासकौशल्य १, शारीरिक शिक्षण १. एकूण १४. पुढच्या दोन सत्रांत १६-१६, मधल्या उन्हाळ्यात ९ आणि बाकीची दोन सत्रांमधल्या छोट्या वर्गांत. गणित पहिल्याच सत्रात ठेवणं ही यातली मुख्य गोष्ट. नापास झाला तरी पुन्हा बसायला दोन सत्रं हातात राहतात.

पायाभूत वर्ग टाळायला प्रवेश-चाचणीवर काम केलं. पूर्वी मुलं ऑगस्टमध्ये बसमधून उतरली की दुसऱ्या दिवशी, उपाशी आणि झोपाळलेली, चाचणीला बसायची. आता सही होताच, मे महिन्यात, सरावाचे प्रश्न पाठवायला सुरुवात झाली आणि पहिली चाचणी जूनमध्ये गावच्या शाळेत किंवा जवळच्या कॉलेजात व्हायला लागली. पुन्हा बसायची संधी जुलैत. वाचनात बरीच मुलं एक पायरी वर सरकली, गणितात थोडीच.

विज्ञानाच्या प्रयोगशाळा दुपारी असायच्या आणि सरावही दुपारी तीनला. म्हणून सराव पहाटे सहाला नेला. पहिले दोन आठवडे हाल झाले. भोजनगृह साताला उघडायचं, मुलं रिकाम्या पोटी पळायची आणि नऊच्या वर्गात पेंगायची. एका लाइनमनला सरावात चक्कर आली. मग आदल्या रात्री जेवतानाच प्रत्येकाला दोन केळी, पीनट बटर सँडविच आणि दुधाची बाटली असलेली पिशवी द्यायला सुरुवात झाली. तेवढ्याने निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा वसतिगृहात रात्री साडेदहाला दिवे घालवल्यावर सुटला.

एक चूक गंभीर होती. कोचने सर्वांचे तक्ते लॉकर रूमच्या भिंतीवर लावले, मुलांत चुरस लागेल या हेतूने. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा केंद्रीय कायदा विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय असं करू देत नाही. रजिस्ट्रारने त्याच संध्याकाळी ते उतरवले. कायद्यापलीकडचं नुकसान वेगळंच: ज्याला पायाभूत वाचन लागलं होतं तो मुलगा तीन दिवस सरावाला आला नाही. पुढे दर दुसऱ्या सोमवारी सल्लागार एकेकाला बोलावून पान दाखवायची, आणि मुलाने त्यावर स्वतःच्या हाताने पुढचा आकडा लिहायचा.

उन्हाळ्याचा पैसा हे सर्वांत अवघड गणित. पेल अनुदान (२०१५-१६ मध्ये कमाल ५,७७५ डॉलर) दोन सत्रांतच संपायचं. वर्षभर अनुदान द्यायची सोय २०११ मध्ये बंद झाली होती आणि ती जुलै २०१७ मध्येच परत आली. मधल्या काळात उन्हाळ्याच्या ९ क्रेडिटची फी कुठून आणायची? गावच्या समर्थक मंडळाने थोडी उचलली. बाकीच्यांना घराजवळच्या कॉलेजात, स्थानिक दरात, वर्ग घ्यायला सांगितलं. इथेही ठेच लागली. दोन मुलांची किरकोळ फी थकली होती, म्हणून त्या कॉलेजांनी ट्रान्सक्रिप्ट अडवून धरली आणि ऑक्टोबरपर्यंत ती क्रेडिट तक्त्यात येईनात.

ऑक्टोबर २०१५ चा निर्णय

नियम सोपा होता: आठवड्यात दोन वर्ग बुडवले तर शनिवारी पहिल्या अकरात नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्वार्टरबॅकने (चढाईची सूत्रं हाती असलेल्या मुख्य खेळाडूने) जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि एक इंग्रजीचा वर्ग बुडवला. संघ तेव्हा ५-२ होता आणि समोरचा सामना जिंकला तर प्लेऑफची आशा होती. शुक्रवारी संध्याकाळी सहायकांची बैठक झाली. दोघांचं म्हणणं, फक्त पहिली दहा मिनिटं बसवू, नियमाचे शब्दही पाळले जातील. कोचने पूर्ण सामना बसवलं. संघ तीन गुणांनी हरला, पुढचे दोन सामनेही गेले आणि हंगाम ५-५ वर संपला. विश्वस्त मंडळाच्या डिसेंबरच्या बैठकीत करार एका मताने वाचला.

त्याला बसवणं योग्य होतं असं आम्हाला वाटतं. दहा मिनिटांची पळवाट मुलांनी लगेच ओळखली असती. पण तो वर्ग का बुडवत होता हे कुणी विचारलं नव्हतं. पहाटेचा सराव सांभाळून तो आठवड्यातून तीन रात्री पेट्रोल पंपावर काम करत होता, धाकट्या भावाला पैसे पाठवायला. सल्लागाराला हे सामन्यानंतर कळलं. पुढच्या सत्रात त्याला कॉलेजातच दुपारचं काम मिळवून दिलं.

निष्पत्ती

२०१६ च्या हंगामात ७ विजय, ३ पराभव. त्या वर्षीच्या दुसऱ्या वर्षाच्या ३१ मुलांत १९ नॉन-क्वालिफायर होते. डिसेंबर २०१६ आणि मे २०१७ मिळून त्यांतल्या १४ जणांनी डिव्हिजन वनच्या सर्व अटी पुऱ्या केल्या. उरलेल्या पाचांपैकी तिघे गणितात अडकले, एक दुखापतीनंतर घरी गेला, एकाची सरासरी २.४६ वर थांबली. त्या शेवटच्या मुलाचा एक 'सी' पहिल्या सत्रातल्या हलक्या वर्गातला होता. तिथे थोडं लक्ष दिलं असतं तर तो सुटला असता.

२०१७ मध्ये संघाने ९-१ अशी कॉन्फरन्स जिंकली. भरती करणारे विद्यापीठांचे कोच परत येऊ लागले, कारण फोनवर ट्रान्सक्रिप्ट मागितली की त्याच दिवशी चार रकान्यांचं पान मिळायचं. जानेवारी २०१८ मध्ये एका डिव्हिजन वन विद्यापीठाने कोचला बचावफळीचा प्रशिक्षक म्हणून घेतलं. त्या विद्यापीठाने दोन वर्षांत त्याच्याकडून चार मुलं नेली होती, आणि चौघेही जानेवारीतल्या सत्राच्या पहिल्या दिवशी कागदांसह हजर झाले होते. ९-१ चा उल्लेख मुलाखतीत एकदाच झाला.

टॅकल ऑगस्ट २०१५ मध्ये डिव्हिजन टूच्या, म्हणजे एनसीएएच्या दुसऱ्या गटातल्या, एका विद्यापीठात गेला आणि तिथे दोन हंगाम खेळला.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्ट २०१२ मध्ये, नेमणुकीच्या पहिल्याच आठवड्यात, रजिस्ट्रारसोबत दोन तास बसून बदललेले नियम वाचले असते तर टॅकलच्या पहिल्या सत्रातच वेट ट्रेनिंगऐवजी विज्ञान आलं असतं. नवा मुख्य कोच तो आठवडा खेळाडू गोळा करण्यात घालवतो, हे समजण्यासारखं आहे. पण विद्यापीठात पाठवलेले जुने दोन-तीन ट्रान्सक्रिप्ट उलट मोजून पाहायला एक संध्याकाळ पुरते.

सल्लागाराची जागा फुटबॉलच्या पगारातून काढली तेव्हा ती मिळाली, हे खरं. ती पुढे कॉलेजच्या शैक्षणिक विभागाकडे वळवायला हवी होती. फुटबॉलच्या पैशावर असलेला माणूस 'या मुलाला शनिवारी खेळवू नका' असं कोचला किती दिवस सांगू शकेल? या कोचने ऐकलं. पुढचा ऐकेलच याची सोय कुठे नव्हती.

स्वीकारयाद्या आणि तक्ते सल्लागाराच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होते. २०१९ मध्ये ती दुसरीकडे गेली, लॅपटॉप तिच्यासोबत गेला, आणि जागा आठ महिने रिकामी राहिली. नव्या कोचने सराव पुन्हा दुपारी तीनला नेला, कारण पहाटे सराव का ठेवला होता हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढच्या डिसेंबरमध्ये सहा मुलं ४८ पर्यंत पोहोचली. त्या सहांपैकी कुणाच्याच कागदावर विज्ञानाची ३ क्रेडिट नव्हती.